सेवा त्यांची, काम आमचं

"टी-शर्ट काढ."

सुभेदार असं म्हणाले तेव्हा मला वाटलं, माझ्या टी-शर्टला काही डाग लागलाय. मी खाली बघितलं. साडीवर घातलेला नवा पिवळा टी-शर्ट. घडीच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या. छातीवर गावच्या मदत दलाचं नाव, पाठीवर 'स्वयंसेवक'. डाग नव्हता.

"काढ म्हणलं न्हवं? ते दलातल्या मान्सांसाठी हाय. तुमचं नाव स्वच्छतेत धरलंय. तितं हिरवं ॲप्रन पडल्यात, त्यातलं घे एक."

सोसायटीच्या मैदानात मंडप घातलेला. अर्धं गाव जमलेलं. दिल्लीहून दोन अधिकारी येणार होते, आमच्या दलाचं काम बघायला. देशभरातल्या गावोगावच्या अशा गटांना मोठा पुरस्कार मिळतो. त्यात आमचं नाव पुढं गेलं होतं.

मी टी-शर्ट काढला. सगळ्यांसमोर. दोन्ही हात वर. पदराची पिन त्यात अडकली, पदर वर ओढला गेला, अंबाडा सुटला. टी-शर्ट डोक्यातनं निघेपर्यंत मला काही दिसत नव्हतं. कुणीतरी हसलं ते मात्र ऐकू आलं.

तो टी-शर्ट सुभेदारांनी त्यांच्या सुनेला दिला. ती पुराच्या वेळी साताऱ्याला माहेरी होती. तिचा दोष नाही. तिला दिला, तिनं घातला.

मी हिरवं ॲप्रन बांधलं आणि पाण्याच्या जारजवळ जाऊन उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. बोलता आलं नाही.

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी शूर वाटायला नको.

माझं माहेर माणदेशातलं. दहिवडीपासून आत. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकरनं येतं आणि हंड्यात मावतं. लग्न होऊन कृष्णाकाठी आले तेव्हा एवढं पाणी एका जागी बघून मला भोवळ आली होती. पोहता येत नाही. नदीवर धुणं धुवायला गेले तरी गुडघ्याच्या पुढं कधी उतरले नाही.

आमची वस्ती बौद्धांची. गावाच्या कडेला, थोडी उंचावर. माझा नवरा दिलीप सुभेदारांचा ट्रॅक्टर चालवायचा. हंगामात त्यांचा ऊस कारखान्याला न्यायचा. मी माधवनगरला शिवणकामाला जाते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात, मीही म्हणते.

सुभेदार म्हणजे फौजेतनं रिटायर होऊन आलेले. ऊसवाले, मोठ्या घराचे. दल त्यांनीच काढलं. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही. पाण्यात त्या माणसाला भीती ठाऊक नाही. रबरी बोट स्वतः हाकायचे. पोरांना शिस्त लावायचे, "डरने का नहीं," असं फौजी हिंदीत ओरडायचे. त्या पुरात त्यांनी माणसं वाचवली, हे खरंच आहे. म्हणून तर सगळं अवघड झालं. नुसता वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या पावसाळ्यात कोयनेतनं पाणी सोडलं आणि नदी गावात आली. वस्ती उंचावर म्हणून आम्ही कोरडे. खालची आळी बुडाली. शाळेत माणसं आणून ठेवत होते. मी तिथं चादरी वाटत होते. सुभेदार ओलेचिंब आत आले. मळ्यातल्या एका घरात माडीवर एक पोटुशी बाई अडकली होती. दिवस भरलेले. बोटीत सगळे पुरुष, आणि ती काही केल्या खाली उतरेना. बरोबर बाई पाहिजे होती.

सुभेदारांनी शाळाभर बघितलं. बायकांनी माना खाली घातल्या. कुणाला नाव ठेवत नाही, पाणीच तसं होतं. त्यांची नजर माझ्यावर आली.

"ए दिलप्याची बायकू. चल."

मी 'नाही' म्हणणार होते. पण मला नाही म्हणायचीच भीती वाटली. पाण्याची भीती आणि सुभेदारांची भीती, त्यात सुभेदारांची जास्त निघाली. म्हणून मी बोटीत बसले. माझ्या कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक बोटीला. मी डोळे मिटून घेतले. ऊस पाण्याखाली गेलेला, त्याचे नुसते शेंडे बोटीच्या तळाला घासत होते. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

त्या बाईला मी उतरवलं. तिनं माझ्या मानेला मिठी मारली आणि पाण्याच्या काठापर्यंत सोडली नाही. "मला सोडू नगंस," एवढंच म्हणत होती. मी म्हणत होते, "न्हाई सोडत." कोण कुणाला धरतंय, ते कळत नव्हतं.

काठावर आल्यावर मी ओकले. सुभेदार हसले. "पयल्यांदा समद्यांचंच आसं हुतं," म्हणाले. आणि माझ्या पाठीवर हात मारला. मी पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. म्हाताऱ्या, बाळंतिणी, दुखणेकरी बायका. प्रत्येक वेळी डोळे मिटून. त्या दिवसांत कुणी मला बाजूला बस म्हणालं नाही. सगळ्यांनी एका पातेल्यातला भात खाल्ला. मला वाटलं, झालं. मी दलात आले.

पाणी उतरलं. मग वास आला.

दावणीला बांधलेली जनावरं गोठ्यात तशीच बुडाली होती. सोडायला वेळच मिळाला नव्हता. म्हशी, बैल, वासरं. फुगलेली. बोळात जेसीबी जाईना. गावात कुणी हात लावेना. दुसऱ्या दिवशी सुभेदार वस्तीत आले. आमच्या दारात त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून म्हणाले, "तुमच्यातली चार मान्सं द्या."

माझ्या आत्या आत बसल्या होत्या. पंच्याहत्तरीची बाई. त्या बाहेर आल्या.

"आमी सोडलंय त्ये," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानं सोडलं. छप्पन सालात दीक्षा घेतली तवा."

मेलेलं ढोर ओढायचं नाही, हे आजेसासऱ्यांनी गावाला तेव्हा तोंडावर सांगितलं होतं. गावानं मग विहीर बंद केली, काम बंद केलं. घरात पाला उकडून खाल्ला, पण ढोराला हात लावला नाही. ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सांगितली होती. आमच्याकडं सोनं-नाणं नव्हतं, ही गोष्ट होती.

सुभेदार शांतपणे म्हणाले, "म्हातारे, आता कुटं जात आणतीस यात? गावात रोगराई आली तर ती तुजं-माजं बघंल व्हय? ही सेवा हाय. सुनंला इचार तुज्या, ती दलातच हाय."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग सुभेदारांना म्हणाल्या, "जातील. पर दलातली म्हणून जातील. वस्तीतली म्हणून न्हाई. कबूल?"

"व्हय व्हय. दलातलीच."

"शबूद द्या."

"दिला."

आम्ही गेलो. मी, माझा नवरा, वस्तीतले तिघं-चौघं. दलातली बाकीची पोरं बोळाच्या तोंडाशी, नाकाला रुमाल लावून. त्यातला एकजण पावडर फवारत होता, दुसरा त्याचा फोटो काढत होता. आम्ही आत. गळ्यातलं दावं कापायला हात घातला की कातडं हातात यायचं. मी पायाला दोर बांधायचे, नवरा ट्रॅक्टरनं ओढायचा. एका म्हशीच्या पोटाखाली तिचं रेडकू होतं. मी कुणालातरी म्हणाले, एकजण तरी आत या, ओझं हलत नाही. कुणी आलं नाही.

हाताचा वास किती तरी दिवस गेला नाही. साबण, लिंबू, राख. भाकरी थापताना यायचा. मला पीठ टाकून द्यावंसं वाटायचं. पण मी स्वतःला सांगायचे, ही सेवा आहे. मी दलातली आहे. शब्द दिलाय.

आणि मग ते पुरस्काराचं आलं. दिल्लीची माणसं आली. मी हिरव्या ॲप्रनमध्ये.

एक मॅडम होत्या आणि एक साहेब. मॅडम चांगल्या वाटल्या. उन्हातानात सगळ्या मंडपात फिरल्या, प्रत्येकाशी बोलल्या. सुभेदारांच्या सुनेनं त्यांना पूर कसा आला ते सांगितलं. मग त्या आमच्याकडं वळल्या. आम्ही पाच जण हिरव्या ॲप्रनमध्ये ओळीनं उभे. हातात खराटे दिलेले.

"और ये लोग?"

सुभेदार म्हणाले, "ये सफाईवाले लोग हैं, मॅडम. मरे हुए जानवर-बिनवर इन्होंनेच उठाया. इनका तो पीढियोंका काम है. इनको आदत है."

हिंदी मला कळते. टीव्हीवर रोज ऐकते. आदत. मी तो शब्द नीट ऐकला.

मॅडम माझ्यासमोर थांबल्या. जरा जास्तच थांबल्या. मला वाटलं, त्या काहीतरी विचारणार. मी तोंड उघडलं. आतनं हवा आली, आवाज आला नाही. पलीकडं नवरा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. तो माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होता. नको. नको. हंगाम सुरू होणार होता.

"बहुत अच्छा काम किया आपने," मॅडम म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मी हात जोडले. खराटा काखेत धरून.

घरी आले. आत्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात सुपात थांबले.

"पिढ्यान्‌पिढ्यांचं काम म्हणला?"

"व्हय."

"शबूद दिलावता त्येनं."

"व्हय."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय न्हाई. भ्याले."

मला वाटलं आता आत्या बोलणार. आजेसासऱ्यांचं नाव घेणार. पण त्या वेगळंच बोलल्या.

"माजं सासरं बी भ्यालं हुतं. घरात सांगायचं आमाला. बाहीर कुनाला न्हाई सांगितलं. चावडीम्होरं हुबं ऱ्हायलं तवा धोतार वलं झालं हुतं त्येंचं."

मी मान वर केली.

"धोतार वलं?"

"मग काय. समदं गाव म्होरं हुबं, काट्या घिऊन. वाघ हुतं का काय त्ये? मानूस हुतं."

"मग त्येंनी न्हाई म्हणून कसं सांगितलं?"

आत्यांनी सूप उचललं. "भ्यालेल्या तोंडानंच सांगितलं."

एवढी वर्षं मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी कमी आहे. त्या माणसाच्या घरात आले आणि त्याचं धाडस माझ्यात आलं नाही. आधी भीती जाणार आणि मग मी बोलणार, असं मी धरून चालले होते. भीती जात नव्हती म्हणून मी बोलत नव्हते. त्या रिकाम्या दुपारी मला कळलं की ती जायची वाट बघायची नसते.

पुरस्कार मिळाला. सुभेदार दिल्लीला जाऊन आले. पेपरात फोटो. सांगली स्टेशनपासून गावापर्यंत मिरवणूक, हलगी, गुलाल. मग गावात सत्काराचा कार्यक्रम ठेवला. त्याच्या दोन दिवस आधी नवऱ्याकडं निरोप आला. वस्तीतल्या लोकांनाही विसरलेलो नाही. स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देणार. सन्मानपत्र देणार. त्यावर लिहिणार, 'स्वच्छता सेविका'.

नवरा म्हणाला, "घे. वाकून घे आनि ये खाली. काय जातंय तुजं?"

मी म्हणाले, "बघते."

"बघती न्हवं. ट्रॅक्टर हाय माज्या हातात तवर चूल हाय आपली."

खरं होतं त्याचं. त्याला मी आजही चूक म्हणत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मला सकाळपासून जुलाब. काही खाल्लं नाही. मैदानात बसले तेव्हा हात एवढे गार पडलेले की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का. पहिल्या रांगेत ती बसली होती, जिला मी माडीवरनं उतरवलं होतं. मांडीवर बाळ. माझ्याशी नजर झाली, तिनं बाळाचं टोपडं नीट केलं.

माझं नाव पुकारलं. म्हणजे नाव नाहीच. "स्वच्छता सेविका, दिलीप यांच्या सौभाग्यवती."

पायऱ्या चढले. सुभेदार शाल उलगडून उभे. मी त्यांच्यासमोर गेले आणि एक पाऊल मागं सरले.

"घे," ते म्हणाले.

"न्हाई."

"काय न्हाई?"

माइक जवळ होता. माझा आवाज मैदानात गेला तेव्हा तो मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. कापत होता.

"ही शाल सफाईची हाय. मी दलात हुते. बोटीत हुते. ढोरं वडली ती बी दलातली म्हणून. तुमी आमच्या आत्यांना शबूद दिलावता."

सुभेदार हळू आवाजात म्हणाले, "खाली उतर. नंतर बोलू आपन."

"नंतर न्हाई. आत्ता म्हणा, ही दलातली हाय. मग घेते."

पाण्यात कशालाच न भिणारा माणूस. एक वाक्य होतं. शाल हातात धरून ते उभे राहिले आणि ते एक वाक्य त्यांच्या तोंडातनं निघालं नाही. तेव्हा मला दिसलं की तेही भ्यालेत. मला नाही. समोर बसलेल्या त्यांच्या लोकांना.

त्यांनी शाल खुर्चीवर टाकली. निवेदन करणाऱ्याला म्हणाले, "फुडलं नाव घ्या."

मी खाली उतरले. लघवी झाली होती थोडी. ॲप्रन नव्हतं, काळं लुगडं होतं म्हणून दिसलं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी शिवीही दिली नाही. वस्तीतले काही उठले, काही बसून राहिले. आत्या उठल्या. नवरा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारांच्या माणसानं ट्रॅक्टरची किल्ली मागून नेली. नवरा माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. आता तो माझ्याबरोबर माधवनगरला येतो, पॉवरलूमवर. यंत्राच्या आवाजानं त्याचे कान वाजतात. बोलायला लागलाय, पण कमी. किराणा दुकानात मी गेले की बोलणी थांबतात. सगळ्यांचं देऊन झाल्यावर माझं सामान बांधतात. संध्याकाळी एसटीतनं उतरून वस्तीकडं चालताना मागं मोटारसायकल आली की मी रस्ता सोडून बांधावर चढते. ती निघून जाईपर्यंत श्वास घेत नाही. बऱ्याचदा ती कुणाची तरी साधी मोटारसायकल असते.

ती बाळाची आई एकदा एसटी स्टँडवर भेटली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून जवळ आली.

"तू बोटीत हुतीस, मला म्हायती हाय," ती म्हणाली. "मी त्या दिशी सांगाया पायजे हुतं. घरच्यांचं भ्या वाटलं."

"मग आता सांग."

ती बाळाकडं बघायला लागली. तिची गाडी लागली, ती गेली. 'असू दे' असं मी म्हणाले नाही. पूर्वी म्हणाले असते.

आम्ही वस्तीत आमचं दल काढलंय. बायकाच जास्त. मी पोहायला शिकते. या वयात. पाठीला रिकामा डबा बांधून, विहिरीत. वरनं वस्तीतल्या पोरी हसतात. पाण्यात पाय सोडले की अजून डोळे मिटतात. पण उतरते.

गेल्या आठवड्यात मी सुभेदारांच्या दारात गेले. एकटीच. दाराच्या चौकटीला हात टेकून उभी राहिले. ते सोप्यात पेपर वाचत होते.

मी म्हणाले, "यंदा पाणी आलं तर आमचं दल येणार. कुणाच्या बी माडीवरनं मानूस काढणार. तुमच्या घरातलं असलं तरी काढणार. पर पाणी उतारल्यावर वस्तीत यायचं न्हाई, चार मान्सं द्या म्हणून. ज्येचा गोठा त्येनं आत उतरायचं. दोराचं एक टोक त्येच्या हातात आसंल तरच दुसरं माज्या हातात. तुमी बोळाच्या तोंडाशी आनि आमी आत, हे झालं तेवढं झालं."

सुभेदारांनी पेपर खाली केला. उठले आणि दार लावून घेतलं.

माझं सांगून झालं होतं.